मातृका एकटी नसते

देवीच्या उपासनेतले काही संस्कृत शब्द आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या उच्चारले जातात, पण त्यांच्याकडे कुणी थांबून बघत नाही. 'मातृका' हा त्यातलाच एक. मुंज असो, लग्न असो, पुण्याहवाचन झालं की गुरुजी मातृकापूजन सांगतात. सुपात तांदूळ पसरतात, त्यावर सुपाऱ्यांच्या ओळी लागतात, हळदकुंकू वाहिलं जातं आणि बायका लगेच पुढच्या विधीच्या तयारीला लागतात. त्या सुपात कोण बसलंय, ओळीनंच का बसवलंय, हे विचारायला त्या गडबडीत कुणालाच सवड नसते.

मी वाळूजच्या औद्योगिक पट्ट्यात अंगणवाडी सेविका आहे. 1985 साली बजाज ऑटोचा कारखाना इथे सुरू झाला, त्यामागून लहानमोठे शेकडो कारखाने आले आणि बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटी, पंढरपूर ही सगळी वस्ती कामगारांच्या घरांनी भरून गेली. जालना, बीड, परभणी, बुलढाणा, खान्देश, अगदी उत्तर प्रदेश-बिहारमधूनही कुटुंबं आली. माझ्या अंगणवाडीत येणारी लेकरं यांचीच. घरी आमच्याकडे नवरात्रात घट बसतो आणि सप्तशतीचा पाठ होतो. पाठात मातृकांची नावं यायची आणि अंगणवाडीत दिवसभर आया आणि लेकरं भेटायची. पुढे पुढे मला पाठ आणि काम या दोन गोष्टी वेगळ्या वाटेनाशा झाल्या. त्यातून जे शिकले, ते इथे क्रमानं मांडते.

1. हा शब्द एकीचा नाही, ओळीचा आहे

मातृका म्हणजे माता. पण देवीला आपण 'माते' म्हणून हाक मारतो तेव्हा ती एक असते. मातृका मात्र कायम समूहानं येतात. अमरकोशात सातजणींची नावं आहेत : ब्राह्मी, माहेश्वरी, कौमारी, वैष्णवी, वाराही, इंद्राणी आणि चामुंडा. या झाल्या सप्तमातृका. नेपाळात आठ पुजतात. आपल्या मंगलकार्यात गौरी, पद्मा, शची, मेधा अशा सोळाजणी येतात, त्यांना षोडशमातृका म्हणतात. संख्या बदलते, पण ओळ मोडत नाही. देवळात, लेण्यात जिथे बघाल तिथे त्या एका बैठकीवर शेजारी शेजारी बसलेल्या दिसतात. एका टोकाला वीरभद्र किंवा शिव, दुसऱ्या टोकाला गणपती.

बदामीचे चालुक्य राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःची ओळख सांगताना सात मातांनी आपल्याला वाढवलं, असं अभिमानानं लिहीत. राजघराण्यालासुद्धा एका आईवर भागलं नाही, सातजणी लागल्या.

आमच्याकडे खोल्यांच्या लाइनी असतात. एका ओळीत आठ-दहा खोल्या, समोर अरुंद बोळ, टोकाला नळ. माहेर दोनशे किलोमीटरवर, सासू गावाकडे शेतात, नवरा पाळीवर. अशा ठिकाणी पहिलटकरीण बाळ घेऊन येते तेव्हा तिला न्हाऊ-माखू घालणारं हक्काचं माणूस जवळ नसतं. मग शेजारची तेल चोळायला येते, पलीकडची शेक द्यायला येते, कोपऱ्यावरची डिंकाचे लाडू करून देते. या बायका एकमेकींच्या नात्यातल्या नसतात, जातीतल्या नसतात, कधीकधी भाषेच्याही नसतात. तरी लेकरू वाढतं. सप्तमातृकांची ओळ म्हणजे काय, हे मला पोथीआधी या बोळात कळलं.

2. नावं पाठ करावीत, आणि ती बघून पाठ करावीत

वाळूजकरांचं भाग्य असं की या शब्दाचं सगळ्यात सुंदर रूप आपल्या दारात आहे. साजापूर-शरणापूर रस्त्यानं दौलताबादकडे निघायचं आणि तिथून घाट चढून वेरूळ गाठायचं. वेरूळच्या 34 लेण्यांपैकी 13 ते 29 ही हिंदू लेणी. त्यातल्या चौदाव्या लेण्यात, ज्याला लोक 'रावण की खाई' म्हणतात, गाभाऱ्याच्या प्रदक्षिणामार्गात सप्तमातृका आहेत. एकविसाव्या रामेश्वर लेण्यात आहेत, बाविसाव्या नीलकंठात आहेत आणि कैलास लेण्याच्या आवारात वर 'यज्ञशाला' म्हणतात त्या दालनात तर पूर्णाकृती आहेत. 1983 पासून वेरूळ जागतिक वारसा आहे, जगभरातून माणसं येतात. आपण मात्र कैलास बघून, घृष्णेश्वराचं दर्शन घेऊन परततो.

आमच्या वस्तीतल्या बायकांना मी चौदाव्या लेण्यात नेते तेव्हा आधी तोंडांकडे बघू नका, पायांखाली बघा, असं सांगते. चेहरे झिजले आहेत, बरेच हात तुटले आहेत. पण बैठकीखाली वाहनं आहेत आणि वाहनावरून ओळख पटते. हंस दिसला की ब्राह्मी. बैल म्हणजे माहेश्वरी. मोर कौमारीचा, गरुड वैष्णवीचा. वराह वाराहीचा, हत्ती इंद्राणीचा. आणि घुबड आहे ती चामुंडा. मग नजर वर न्यायची. प्रत्येकीजवळ लेकरू आहे. दगड थंड, उजेड कमी, पण मातृका म्हणजे काय हे तिथे समजावून सांगावं लागत नाही. एक आजी चामुंडेपुढे बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, हिच्यापाशीबी लेकरू हाय की."

नुसता आकडा लक्षात राहिला तर त्या 'सात देव्या' राहतात. नावानं ओळखल्या की सात स्वभाव होतात, सात कामं होतात. हेच लेकरांच्या आयांनाही लागू आहे. रजिस्टरमध्ये 'लाभार्थी' लिहावं लागतं, पण तिला तिच्या नावानं हाक मारल्याशिवाय ती मनातलं सांगत नाही.

3. त्या कुणाच्या बायका म्हणून पूजनीय नाहीत

ब्रह्मदेवाची ब्राह्मी, शिवाची माहेश्वरी, विष्णूची वैष्णवी, इंद्राची इंद्राणी. ही नावं ऐकून या देवांच्या पत्नी असाव्यात असं वाटतं. सप्तशतीच्या आठव्या अध्यायात वेगळं सांगितलं आहे. मार्कंडेय पुराणातल्या तेरा अध्यायांच्या या ग्रंथाला आपण देवीमाहात्म्य म्हणतो. शुंभ-निशुंभांच्या सैन्यानं देवीला चहूबाजूंनी घेरलं तेव्हा देवांच्या शरीरांतून त्यांच्या शक्ती बाहेर पडल्या. ज्या देवाचं जे रूप, जे भूषण, जे वाहन, तेच घेऊन त्या रणात उतरल्या. वराहमिहिरानं सहाव्या शतकात बृहत्संहितेत मूर्तिकारांना हाच नियम घालून दिला : मातृकांना त्यांच्या नावाच्या देवाची चिन्हं द्यावीत.

म्हणजे ही त्या देवाची ताकद आहे, तीच स्त्रीरूपानं उभी राहिली. आणि लढतानाही प्रत्येकीची रीत निराळी. माहेश्वरी त्रिशूळ चालवते, वैष्णवी चक्र, इंद्राणी वज्र, वाराही तोंडानं आणि दाढांनी तुटून पडते. ब्राह्मी काय करते? कमंडलूतलं पाणी शिंपडते, आणि त्या पाण्यानं शत्रूचं बळ आणि तेज नाहीसं होतं. सप्तशतीतलं हे वर्णन मला फार आवडतं. सगळ्यांनी एकाच हत्यारानं लढायची गरज नाही. आमच्याकडे कुणी ग्रामसभेत उठून पाण्याच्या टाकीबद्दल ठणकावून विचारते, कुणी गुपचूप शेजारणीच्या हातात दवाखान्याचे पैसे ठेवते. दोघींचं मोल सारखं आहे.

4. आई व्हायला बाळंतपण लागत नाही

सातजणींत तिसरी कौमारी. कुमाराची, म्हणजे कार्तिकेयाची ती शक्ती. नावातच कुमारी, हातात भाला, मोरावर बसलेली, आणि तरीही तिची गणना मातांमध्ये. देवीमाहात्म्यात या सातजणींपैकी एकीच्याही बाळंतपणाची कथा नाही. ज्यांनी रक्षण केलं, त्या माता ठरल्या.

महाभारताच्या वनपर्वात याच्याही पुढची गोष्ट आहे. नुकत्याच जन्मलेल्या स्कंदाचं तेज बघून इंद्र घाबरला आणि त्याला मारायला लोकमाता पाठवल्या. त्या बाळाजवळ गेल्या, त्याचं बळ पाहून त्यांचा मारण्याचा विचार गळाला, आणि त्यांना पान्हा फुटला. तू आमचा मुलगा हो, असं त्यांनीच त्याला विनवलं. मारायला आलेल्या बायका आया झाल्या, त्या बाळाला बघून.

मूल नसलेल्या बाईला आपल्या समाजात आजही फार सोसावं लागतं. ओटी भरताना तिला वगळतात, पाचवीला बोलवत नाहीत, बारशाला पाळण्याजवळ येऊ देत नाहीत. मी अंगणवाडीत काम करताना पाहिलं आहे की वस्तीतली सगळ्यात जास्त लेकरं जिच्या अंगाखांद्यावर खेळली, तिला स्वतःचं मूल नव्हतं. लेकरू रडायला लागलं की आईआधी तिला कळायचं ते भुकेचं आहे की पोट दुखतंय. कौमारीला मातांच्या ओळीत बसवणाऱ्या धर्माचं नाव घेऊन अशा बाईला मंगलकार्यातून बाजूला काढणं, हा त्या देवीचाच अपमान आहे. आमच्या कार्यक्रमांत आम्ही अशा बाईच्या हातूनच पहिली ओटी भरून घेतो. तुम्हीही घ्या.

5. उग्र रूप हेही आईचंच रूप आहे

चामुंडा बघून पुष्कळजणी मान फिरवतात. हाडांचा सापळा झालेलं शरीर, खोल गेलेलं पोट, मुंडमाळा. सौंदर्याच्या आपल्या कल्पनेत ती बसत नाही. पण रक्तबीजाची कथा आठवा. त्याच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की त्यातून तेवढ्याच ताकदीचा दुसरा असुर उभा राहायचा. बाकीच्या मातृका जितके घाव घालत, तितके शत्रू वाढत. तेव्हा देवीनं चामुंडेला तोंड पसरायला सांगितलं. एकही थेंब तिनं खाली पडू दिला नाही, आणि मग तो मेला.

पावसाळ्यात आमच्या वस्तीत जुलाबाची साथ आली की मला रक्तबीज आठवतो. एका खोलीतून दुसरीत, एका हातातून दुसऱ्या हातात ती तशीच पसरते. अशा वेळी गोड बोलून चालत नाही. पाणी उकळा, लेकराचं शी-शू काढल्यावर साबणानं हात धुवा, ओआरएस पाजत राहा, झिंकच्या गोळ्या 14 दिवस पूर्ण द्या, जुलाब थांबले म्हणून मध्येच सोडू नका; हे कडक आवाजात, पुन्हा पुन्हा, दारोदार सांगावं लागतं. एखादी म्हणते, बाई फार बोलतात. बोलू द्यावं. चामुंडेनं जे केलं ते देखणं नव्हतं, पण लेकरं त्यानंच वाचली.

6. सटवाईच्या पाटावर लसीकरणाचं कार्ड

षोडशमातृकांमध्ये एक नाव आहे देवसेना. पुराणांत तिलाच षष्ठी म्हटलं आहे, बाळांची राखण करणारी देवी. मराठीत ती सटवाई झाली. मूल जन्मलं की पाचव्या-सहाव्या रात्री तिची पूजा असते. पाटा-वरवंटा मांडतात, दिवा रात्रभर तेवत ठेवतात, आणि कोरा कागद नि लेखणी ठेवतात. सटवाई रात्री येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, ही श्रद्धा.

आमच्याकडे नव्या बाळंतिणींना मी एक विनंती करते. पाटावर कोऱ्या कागदाशेजारी बाळाचं लसीकरणाचं कार्डही ठेवा. जन्माच्या वेळच्या लशींची नोंद त्यावर झालेली असते, पुढचे रकाने रिकामे असतात : दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, नऊ महिने. ते रकाने सटवाईपुढे रिकामे दिसतात आणि मग आजीलाही त्यांची आठवण राहते. पूजा मोडायची गरज पडत नाही, उलट पूजेला पुढचं काम जोडलं जातं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी याला कधी नकार दिल्याचं मला आठवत नाही. "लिहू दे सटवाईला त्याच्यावरबी," असं म्हणून एका पणजीनं स्वतःच्या हातानं कार्ड पाटावर सरकवलं. त्या घरातल्या लेकराला प्रत्येक लशीला तीच घेऊन आली.

जुन्या काळी या देवींची भीती मोठी होती, कारण पहिल्या आठवड्यात दगावणारी बाळंही फार होती. भीतीच्या पोटी का होईना, लोक त्या रात्री जागत, बाळाजवळ बसत. राखण ठेवण्याची ती सवय मोलाची आहे, ती टिकवली पाहिजे.

7. पुष्टी, तुष्टी, धृती, मेधा

षोडशमातृकांच्या यादीत या चारही देवी आहेत. गुरुजी भराभर म्हणतात तेव्हा त्या सुपाऱ्यांमध्ये हरवतात. पण नीट बघा : पुष्टी म्हणजे शरीराचं पोषण, तुष्टी म्हणजे समाधान, धृती म्हणजे धीर, मेधा म्हणजे बुद्धी. लेकराला काय काय लागतं, याची ही यादी आहे, आणि आपल्या पूर्वजांनी त्यातल्या प्रत्येक गरजेला आई म्हटलं.

2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तिचाही गाभा हाच : पोषण, आरोग्य, लसीकरण, शाळेआधीचं शिक्षण. आम्ही लेकरांचं वजन घेतो, उंची मोजतो आणि दंडाला पट्टी लावतो. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला तर पट्टी लाल रंग दाखवते, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, त्याच्या वर हिरवा.

एका लेकराची पट्टी पिवळी आली. आई कंत्राटी कामावर, दुसरी पाळी; बाप ट्रान्सपोर्टच्या गाडीवर, घरी दिवसाआड. लेकरू संध्याकाळी मोठ्या बहिणीच्या हवाली, आणि ती बहीणही लहानच. घरी नेण्याचा आहार आम्ही देत होतो, पण भरवायला कुणी नव्हतं. मग त्या लाइनीतल्या बायका बसल्या आणि वाटणी केली. संध्याकाळचं एकीकडे, रात्रीचं दुसरीकडे. मुगाची खिचडी वर तूप घालून, शेंगदाण्याचा कूट, अंडं, केळं. आरोग्य केंद्रातून तपासणी आणि औषध झालं. पुढच्या महिन्यांत पट्टी हिरव्यावर आली. त्या बायकांनी कुठलाही मंत्र म्हटला नव्हता, पण पुष्टीची पूजा याहून वेगळी काय असते?

8. अक्षरांनाही मातृका म्हणतात

तंत्रशास्त्रात 'अ' पासून 'क्ष' पर्यंतच्या वर्णांना मातृका म्हणतात, कारण सगळे मंत्र त्यांच्यातूनच जन्मतात. अंगणवाडीच्या भिंतीवर मुळाक्षरं रंगवलेली असतात. सहा वर्षांच्या आतली पोरं त्यावर बोट फिरवत 'क कमळाचा' म्हणतात तेव्हा मी त्यांना थांबवत नाही, घाई करत नाही. भोजपुरी बोलणारं पोरगं आणि लमाणी बोलणारी पोरगी त्या भिंतीपुढे एकाच वेळी उभी असतात. पुढे ती काय शिकतील, कुठल्या कारखान्यात काम करतील की कुठल्या कचेरीत बसतील, ते आज सांगता येत नाही. एवढं नक्की की जे काही वाचतील, लिहितील ते याच अक्षरांच्या पोटी जन्मेल.

9. विहिरीवरच्या साती आसरा त्यांच्याच बहिणी

शेतात विहीर असेल तर तिच्या कडेला ओळीनं सात दगड मांडलेले असतात, शेंदूर लावलेले. या साती आसरा, कुठे मावलाया म्हणतात. जतुपी, सोमपा, मत्स्यी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, मकरी ही त्यांची नावं. मासा, कासव, खेकडा, बेडूक, मगर यांच्यावरून आलेली बरीचशी. त्यांना हिरवा खण, बांगड्या, दहीभात. 'आसरा' हा शब्द अप्सरेवरून आला, म्हणजे नावानं त्या वेगळ्या. पण सातजणी, एका ओळीत, लेकरं-बाळंतिणींशी जोडलेल्या. एवढं साम्य बघून वेरूळच्या शिल्पातल्या आणि विहिरीच्या काठावरच्या सातजणींना वेगळं करणं मला जमत नाही. लेण्यातल्यांना राजाश्रय मिळाला, बांधावरच्यांना शेतकऱ्याचा नैवेद्य.

दामोदर धर्मानंद कोसंबींनी पुण्याच्या आसपास पायी हिंडून अशी मातृदेवतांची ठाणी नोंदवली. 1962 च्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या ग्रंथात त्यांनी त्यावर लिहिलं आणि सुरुवात केली ती 'मृच्छकटिक' नाटकापासून, जिथे चारुदत्त चव्हाट्यावरच्या मातांना बळी ठेवायला सांगतो. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीसुद्धा माता देवळापेक्षा रस्त्यावर, पाणवठ्यावर, लोकांच्या येण्याजाण्याच्या जागी होत्या.

वाळूजच्या शेतांत आता प्लॉट पडले. कितीतरी विहिरी बुजल्या, काहींत कचरा गेला. खाम नदीचं पाणी कसं झालं आहे, हे पुलावरून जाताना नाकाला कळतं. सात दगडांना शेंदूर लावायला आपण विसरत नाही, पण त्या ज्या पाण्यात राहतात त्याची चाड ठेवत नाही. साती आसरा पाण्याच्या देवी आहेत. पाणी गेलं तर त्या कुठे राहतील? आमच्या भागात एका शेतकरी कुटुंबानं विहिरीत निर्माल्यसुद्धा टाकायचं बंद केलं, काठावर खड्डा करून त्यात खत करायला लागले. आसरांना याहून मोठा नैवेद्य नाही.

10. असुर बाहेरही असतो आणि आतही

आमच्या वस्तीतल्या एका गावाचं नाव जोगेश्वरी. योगेश्वरीचं हे मराठी रूप. अंबाजोगाईची योगेश्वरी मराठवाड्यातल्या आणि कोकणस्थांच्या कितीतरी घरांची कुलस्वामिनी आहे. वराहपुराणात अंधकासुराच्या कथेत आठ मातृका येतात आणि त्यात योगेश्वरीही आहे. तिथे प्रत्येक मातृकेला मनाचा एकेक विकार जोडला आहे : काम, क्रोध, लोभ, मद, मोह, मत्सर, चहाडी आणि असूया.

बायकांच्या गटात काम करणाऱ्या प्रत्येकीला या आठांची ओळख असते. बचत गट कर्ज बुडाल्यानं मोडतात त्यापेक्षा चहाडीनं जास्त मोडतात. हिला जास्त आहार दिला, तिच्या पोरीला नाचात पुढे उभं केलं, एवढ्यावरून वर्षभराची बोलचाल बंद होते. मातृकांना हात जोडताना मी आधी हे मागते की ओळ मोडेल असं काही माझ्या तोंडून जाऊ नये.

11. शेवटी त्या सगळ्या एक आहेत

देवीमाहात्म्याच्या दहाव्या अध्यायात शुंभ देवीला टोमणा मारतो : तू दुसऱ्यांच्या बळावर लढतेस आणि गर्व करतेस. देवी सांगते की या जगात मी एकटीच आहे, माझ्याहून दुसरी कोण आहे? आणि ब्राह्मीपासून सगळ्याजणी तिच्यात सामावतात.

हा टोमणा प्रत्येक बाईनं ऐकलेला असतो. सासूनं सांभाळलं म्हणून नोकरी करता आली, शेजारणीनं बघितलं म्हणून पोरगं शिकलं, तुझं यात काय? दहाव्या अध्यायात त्याचं उत्तर आहे. मदत घेणारी आणि मदत करणारी ही वेगवेगळी माणसं नसतात, ती एकच शक्ती असते. सगळ्यांचं मिळून जे उभं राहतं, ते प्रत्येकीचं असतं. म्हणून मदत मागताना मान खाली घालायची नाही, आणि देताना ती वर काढायची नाही.

एकट्या आईच्या त्यागाची गाणी आपण पुष्कळ गातो. तिच्या एकटेपणाला हार घालतो, आणि तिला एकटीच ठेवतो. मातृका हा शब्द मला याच्या उलट सांगतो : लेकरू वाढवणं हे सातजणींचं काम आहे, आणि जिथे ते एकीवर पडतं तिथे बाकीच्या सहांनी आपली जागा सोडलेली असते. पुरुषांनीही हे ऐकावं. त्या ओळीच्या दोन्ही टोकांना वीरभद्र आणि गणपती राखणीला बसलेले आहेत, उठून गेलेले नाहीत.

या नवरात्रात वेरूळला जा. मंगळवार देवीचा खरा, पण त्या दिवशी लेणी बंद असतात. दुसरा वार धरा. चौदाव्या लेण्यात वाहनं बघून सातही नावं लेकरांकडून म्हणवून घ्या. आणि परत आल्यावर आपल्या गल्लीत, आपल्या इमारतीत नवं बाळ घेऊन एकटी राहणारी कोण आहे, ते शोधा. तिच्या दारात जा, बाळ थोडा वेळ आपल्याकडे घ्या आणि तिला निवांत दोन घास खाऊ द्या.